भरत पौर्णिमेच्या डोंगरमुक्कामासाठी बॅटरीपेटी: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, बेळगाव

काम असं: माघातल्या भरत पौर्णिमेला, म्हणजे १२ फेब्रुवारीला, सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर तीन रात्री पालात मुक्काम. जाणं ट्रॅक्टर-ट्रॉलीनं, बैलहोंगलमार्गे. पालात करंट नाही. मिळाला तर शेजारच्या दुकानाच्या जनरेटरचा. मंडळींत एका काकांना झोपेत श्वास अडकतो म्हणून रोज रात्री सीपॅप (मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन) लागतं, एका पोराला दम्यासाठी नेब्युलायझर, दोन मावश्यांना इन्सुलिन. चौथी मागणी एका आजींसाठी पाच लिटरच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या मशीनची) आली.

कॉन्सन्ट्रेटरचा निकाल पहिल्यांदा लावला, कारण त्याच्यावरच सगळ्या पेटीचा आकार ठरला असता. हे मशीन साधारण ३५० वॅट सतत ओढतं. इन्व्हर्टरचं नुकसान धरून बॅटरीवर ४०० वॅट. आठ तासांचे ३,२०० वॅट-तास होतात. एवढ्या बॅटरीचं वजन पंचवीस-तीस किलोच्या खाली येत नाही, आणि कॉम्प्रेसर सुरू होताना दुप्पट-तिप्पट झटका घेतो तो वेगळाच. तेव्हा बॅटरीवर कॉन्सन्ट्रेटर नाही. ज्यांना ऑक्सिजन लागतोच त्यांच्यासाठी बी-टाइप सिलिंडर: त्यात सुमारे १,५०० लिटर वायू असतो, मिनिटाला २ लिटरनं बारा तास पुरतो. पण तीन दिवसांचे सिलिंडर आणि पालापालांतून पेटलेल्या चुली हे एकत्र नको. शिवाय पौर्णिमेच्या गर्दीत १०८ ची गाडी पालापर्यंत पोचायला वेळ लागतो. या आजींना डॉक्टरांनी लेखी होकार दिल्याशिवाय डोंगरावर न्यायचं नाही असं ठरलं. घरच्यांना पटलं.

९ जानेवारी

सीपॅपचं मोजमाप. अडॅप्टरवर छापलेला आकडा (२४ व्होल्ट, ९० वॅट) हिशेबाला धरू नये. तो अडॅप्टरची कमाल क्षमता सांगतो, रात्रीचा खर्च नव्हे. १२ व्होल्टच्या बाजूला वॅटमीटर लावून तीन प्रकारे पूर्ण रात्र चालवलं, दाब १० सेंमी (पाण्याच्या उंचीत मोजलेला):

ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी, हीटरवरची पाण्याची डबी) ४ वर, गरम नळी चालू: सरासरी ३६ वॅट, आठ तासांचे जवळजवळ २९० वॅट-तास. सुरुवातीला पाणी तापेपर्यंत ८० वॅटपर्यंत जातं.

हीटर आणि गरम नळी बंद, इन्व्हर्टर आणि मूळ अडॅप्टरवर: १९ वॅट, १५२ वॅट-तास.

हीटर आणि गरम नळी बंद, १२ वरून २४ व्होल्ट करणाऱ्या डीसी कन्व्हर्टरवर: ९.४ वॅट, ७५ वॅट-तास.

पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यांत चौपट फरक आहे. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘बॅटरी किती मोठी देऊ?’ हीटर आणि इन्व्हर्टर काढून टाकले की मोठी बॅटरी लागतच नाही. छोटा इन्व्हर्टर काही न चालवता नुसता चालू ठेवला तरी ६-७ वॅट खातो, म्हणजे जवळजवळ सीपॅपच्या मोटरएवढंच.

हीटर बंद ठेवायला काकांच्या डॉक्टरांची हरकत नाही, हे विचारून घेतलं. पाण्याची डबी लावून नुसता हीटर बंद केला तरी पाण्यावरून जाणारी हवा थोडी ओल घेते. अगदी कोरडी राहत नाही. मात्र मशीन हलवण्याआधी डबी काढून रिकामी करायची. तिरकं झालं की पाणी थेट मोटरमध्ये जातं, आणि तो खर्च बॅटरीपेक्षा मोठा.

मास्क गळत असेल तर मोटर जोरानं फिरते आणि खर्च वाढतो. काकांच्या मास्कची गादी कडक झालेली आहे, नवी मागवली.

१२ जानेवारी

एका रात्रीची बेरीज: सीपॅप ७५, दोन तीन-वॅटी दिवे सहा तास ३६, तीन मोबाईल ४५. मिळून १५६ वॅट-तास. मधे एक दिवस अजिबात चार्जिंग मिळालं नाही असं धरून दोन रात्री: ३१२.

बॅटरी १२.८ व्होल्ट ३० एएच (अँपिअर-तास), एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), चार सेलची, ३० अँपिअर बीएमएससह (बॅटरी जपणारं, गडबड झाली की तोडणारं सर्किट). एकूण ३८४ वॅट-तास, त्यातले ३२० ते ३४० बेधडक वापरता येतात. वजन चार किलोच्या आत. घरात पडलेली यूपीएसची २६ एएच सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी वापरा असा आग्रह होता. कागदावर तिचे ३१२ वॅट-तास, पण निम्म्याच्या खाली उतरवली की थोड्याच फेऱ्यांत ती मरते. म्हणजे हातात १५६. वजन दुप्पट. शिवाय ट्रॉलीत आडवीतिडवी झाली की टर्मिनल सैल होतात. ती घरीच राहील.

नेब्युलायझर: कॉम्प्रेसरवाला २३० व्होल्टचा आहे, दहा मिनिटांना २५-३० वॅट-तास खातो आणि त्याच्यासाठी इन्व्हर्टर बाळगावा लागतो. त्याऐवजी जाळीवाला घेतला, दोन वॅटचा, यूएसबीवर किंवा दोन पेन्सिल सेलवर चालणारा. त्याची खोड एकच: औषध सुकलं की जाळी बुजते. प्रत्येक वेळी वापरानंतर डिस्टिल्ड पाणी घालून एक मिनिट चालवायचं. बुडेसोनाइडसारखं गढूळ औषध प्रत्येक जाळीला चालत नाही, माहितीपत्रक बघूनच घ्या. आणि इनहेलर व स्पेसर खिशात हवाच. त्याला करंट लागत नाही, दमा उठला की तोच पहिला हाताशी असतो.

१९ जानेवारी

पेटी बांधली. आतून बाहेर असं:

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एक वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज. याआधी काहीही जोडायचं नाही. एलएफपी शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर सोडते. बीएमएस तोडेलच, पण वायर जळायला तेवढा क्षणही पुरतो. फ्यूज बॅटरीला नव्हे, वायरीला वाचवतो, म्हणून तो वायरीच्या मापावरून ठरतो. मुख्य वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची. पुढे दोन फाटे: सीपॅपला १० अँपिअर, यूएसबी आणि दिव्यांना ५ अँपिअर.

पेटीपासून अंथरुणापर्यंत पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तार. हीटर बंद असेल तर बारीक वायरसुद्धा चालून जाते. पण एखाद्या थंड रात्री हीटर लावला तर ७ अँपिअर ओढलं जातं: १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सव्वा व्होल्ट वाटेतच जातो, २.५ मध्ये अर्धा. बॅटरी १२.८ दाखवते आणि कन्व्हर्टरला ११.५ मिळतात, थोडं आणखी उतरलं की बरेच कन्व्हर्टर ‘बॅटरी संपली’ समजून बंद होतात. रात्री दोन वाजता मशीन बंद आणि सकाळी बॅटरी अर्धी भरलेली, ही तक्रार बहुतेक वेळा वायरीची असते.

गाडीतल्यासारखं लायटर सॉकेट काढून टाकलं. आतली स्प्रिंग सैल झाली की सांध्याचा विरोध ०.१ ओहमवर सहज जातो. पाच अँपिअरला अर्धा व्होल्ट कमी आणि अडीच वॅटची उष्णता त्या एका टोकावर. प्लास्टिक पिवळं पडून वितळतं ते याच्यामुळे. कन्व्हर्टरचा लायटर प्लग कापून तिथं एक्सटी-६० हा दोन पिनांचा कनेक्टर लावला. उलटा बसत नाही. कन्व्हर्टर मात्र मशीनच्याच कंपनीचा. २४ व्होल्टच्या या पिनेत मधली तार अडॅप्टरची ओळख मशीनला सांगते. लोकल कन्व्हर्टरची पिन बसते, दिवा लागतो, आणि हीटर लावला की मशीन चूक दाखवतं किंवा नुसतंच ढिम्म बसतं.

व्होल्टमीटर लावला नाही, शंटवाला मीटर लावला. एलएफपी ७० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत जवळजवळ एकाच व्होल्टवर बसते, १३.२ ते १३.० च्या आसपास. व्होल्ट बघून ‘अजून भरपूर आहे’ म्हणणारा पहाटे चारला फसतो. शंट मीटर गेलेले-आलेले अँपिअर-तास मोजतो. पूर्ण चार्ज झाल्यावर त्याला १०० टक्क्यांवर आणायला विसरू नये. त्याचा बझर २० टक्क्यांवर लावला.

बझर का: बीएमएसनं तोडलं की सीपॅप एका झटक्यात बंद होतं. तोंड-नाक झाकणाऱ्या मास्कला हवा आत घेण्याची झडप असते, नाकाच्या मास्कवाला तोंड उघडतो. म्हणजे जीव गुदमरत नाही, पण उरलेली रात्र बिनउपचाराची जाते.

२६ जानेवारी

चार्जिंगचे तीन मार्ग पडताळले.

एक, घरचा चार्जर: १४.६ व्होल्ट ५ अँपिअर, एलएफपीचाच. रिकामीपासून सहा-सात तास. शिसे-आम्लाचा ‘रिकंडिशनिंग’वाला चार्जर लावला की तो मधेच १५ च्या वर धक्के देतो आणि बीएमएस तोडतं, मग बॅटरी खराब आहे अशी समजूत होते.

दोन, ट्रॅक्टर: थेट अल्टरनेटरला जोडायचं नाही. रिकामी एलएफपी मिळेल तेवढा करंट ओढते, वायर तापते, आणि स्टार्टर मारताना व्होल्टेज खाली-वर उड्या घेतं. मधे १० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, इंजिन चालू असतानाच सुरू होणारा. दोन्ही टोकांना फ्यूज. दोन तासांच्या प्रवासात ठरलेली एक रात्र भरून निघते.

तीन, १०० वॅटचं घडीचं सोलर पॅनेल आणि १० अँपिअरचा एमपीपीटी, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वॅट काढणारा कंट्रोलर. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर स्वस्त असतो, पण तो पॅनेलचे १८ व्होल्ट खेचून बॅटरीच्या १३ वर आणतो, ५.५ अँपिअर गुणिले १३.३, म्हणजे १०० चे ७३ च वॅट. कंट्रोलर बॅटरीपाशी ठेवायचा आणि लांब वायर पॅनेलच्या बाजूला.

२ फेब्रुवारी

इन्सुलिन. १२ व्होल्टचा ‘कूलर-वॉर्मर’ डबा घ्यावा का, असं दोघांनी विचारलं. तो सतत ४५-५० वॅट खातो, दिवसाचे हजारावर वॅट-तास. आपली अख्खी पेटी सात-आठ तासांत रिकामी. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिजसुद्धा दिवसाला चारशे-पाचशे. वापरात असलेलं पेन किंवा कुपी बहुतेक प्रकारांत चार आठवडे २५ ते ३० अंशांखाली चालते. नेमकी मर्यादा खोक्यावर बघायची. म्हणून न उघडलेला साठा घरच्या फ्रिजमध्ये, आणि बरोबर चालू पेन आणि एक जादा.

दुपारी डोंगरावर ऊन तिशीच्या वर जातं. त्यासाठी मातीचा माठ: मोठ्यात लहान, मधे भिजवलेली वाळू, वर ओलं फडकं. पेन प्लास्टिकच्या डब्यात घालून आतल्या माठात, पाण्याचा स्पर्श नाही. माघातली हवा कोरडी असल्यानं बाहेरपेक्षा पाच-सात अंश खाली राहतं. माठ सावलीत पण वाऱ्यावर ठेवायचा. गोधडीत गुंडाळला की काही उपयोग नाही. बर्फ नको. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी फेकायचंच.

१० फेब्रुवारी, डोंगर

पेटी ट्रॉलीच्या पुढच्या भिंतीला दोन पट्ट्यांनी आवळली होती, खाली जुन्या गादीचा फोम. उतरवल्यावर सगळे स्क्रू पुन्हा आवळले. यूएसबीच्या फाट्याचा एक सैल निघाला.

पालात जागा: पेटी चुलीपासून लांब, ट्रॉलीखाली सावलीत. दुपारी निळ्या ताडपत्रीखालची हवा ४५ च्या वर जाते, आणि त्याच्यावर एलएफपी चार्ज करू नये. पॅनेल बाहेर, दक्षिणेकडे तोंड, साधारण ३० अंश तिरकं. पालाच्या दोरीची एवढीशी सावली पडली तरी उत्पादन धाडकन उतरतं. मीटर बघत दोन हात सरकवलं तेव्हा ४१ चे ६८ वॅट झाले.

शेजारच्या पालातला एकजण विचारून गेला, ‘ह्ये किती दिस चालतंय ओ?’ त्याच्यामागोमाग मोबाईल घेऊन आणखी दोघे. मोबाईलला ना नाही, पण सीपॅपच्या फाट्याला कुणी हात लावू नये म्हणून पेटीवर मराठीत ‘औषधाचं मशीन, प्लग काढू नका’ आणि कानडी अक्षरांत ‘प्लग तेगीब्याड्री’ असं लिहून चिकटवलं. सीपॅपच्या एक्सटी-६० वर टेप गुंडाळली. झोपेत कुणीतरी चार्जरसाठी प्लग उपटणं ही बॅटरी संपण्यापेक्षा जास्त घडणारी गोष्ट आहे.

११ फेब्रुवारी

रात्रीचा खर्च १२.१ एएच, म्हणजे हिशेबाएवढाच. सकाळी मीटर ५९ टक्के (ट्रॅक्टरवर रस्त्यात पूर्ण भरली होती, मग संध्याकाळचे दिवे आणि मोबाईल). साडेनऊला पॅनेल लावलं, एकच्या सुमारास पूर्ण.

भंडारा. जोगुळभावीच्या कुंडापासून वर देवळापर्यंत हवेत हळद असते; कपड्यांवर, अंथरुणावर, जेवणाच्या ताटातसुद्धा. सीपॅप मागच्या जाळीतून खोलीतली हवा ओढतं. एका रात्रीत पांढरा फिल्टर मधोमध पिवळाधमक, कडेला मातकट. तो तसाच ठेवला तर मोटरला हवा कमी पडते, ती जोरानं फिरते, आवाज वाढतो, खर्चही. नळीत ओल असेल तिथं हळदीचा पातळ थर बसतो आणि मास्कला वास येतो. काकांना दोन शिंका आल्या, त्यापुढे काही नाही.

उपाय लगेच लागू केला: फिल्टर रोज नवा (घरी महिन्याला एक पुरतो). मशीन जमिनीवर न ठेवता पत्र्याच्या ट्रंकेवर, म्हणजे दीड फूट वर. दिवसा मशीन, नळी, मास्क सगळं चेन लावलेल्या पिशवीत. मशीन चालू असताना त्याच्यावर फडकं टाकायचं नाही. धूळ थांबत नाही, हवा मात्र थांबते. फिल्टर धुऊन ओला बसवायचा नाही. नळी आणि मास्क उकळून गार केलेल्या पाण्यानं धुऊन सावलीत.

पॅनेलवरसुद्धा तोच थर. कोरड्या फडक्यानं घासलं की चरे पडतात. आधी पाण्याचा शिपका.

१२ फेब्रुवारी, पौर्णिमा

दिवसभर पालाभोवती गर्दी. पॅनेल पायदळी येईल म्हणून अकरालाच काढलं. ६८ टक्क्यांवर थांबलो. जनरेटरवाल्यानं पॉइंट देऊ केला. मल्टिमीटर लावला: २०५ ते २५० च्या मधे हलत होतं. चार्जरवर १०० ते २४० लिहिलंय, त्यामुळे हा जोडण्याजोगा नाही. आकडा टाकून घेतलेल्या लाइनीचा तर विचारच करू नये; थ्री-फेजचा न्यूट्रल सुटला की साध्या सॉकेटवर ४०० व्होल्टपर्यंत चढतं. नियम असा ठेवला: दोन मिनिटं मीटर बघायचा, २०० ते २४० मधे स्थिर असेल तर बॅटरीचा चार्जर लावायचा, सीपॅप कधीही थेट नाही. चार्जर जळाला तर तेवढाच जळतो.

६८ टक्क्यांत आजची रात्र आरामात जाते. दुसरी रात्र धरून बॅटरी घेतली ती याच दिवसासाठी.

१३ फेब्रुवारी

सकाळी २७ टक्के. बझर वाजला नाही. परतीला ट्रॅक्टरवर चार्जिंग सुरू.

१५ जून, जांबोटी

पावसाळी चाचणी. खानापूर तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात, जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत, गणित उलटं होतं. दाट ढगात १०० वॅटचं पॅनेल ५ ते १५ वॅट देतं, म्हणजे दिवसभरात एक रात्रसुद्धा निघत नाही. पॅनेल आणलंच नाही तरी चालेल. इथे दोन मार्ग: दुसरी ३० एएच बॅटरी, किंवा जीपवर डीसी-डीसी चार्जर. झाडं पडून लाइन तुटली की हेस्कॉमची (वीज कंपनीची) माणसं येईपर्यंत गावात हीच पेटी घरीसुद्धा लागते, म्हणून दुसरी बॅटरी घ्यावी असं मत.

हवेत इतकी ओल आहे की ह्युमिडिफायरची गरजच नाही. उलट गार नळीत वाफेचं पाणी साचून गुडगुड आवाज येतो. नळी पांघरुणाखालून घ्यायची, आणि मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा खाली, म्हणजे पाणी मास्ककडे येत नाही. मातीचा माठ इथे निकामी, कारण पाणी उडतच नाही. पण हवाच पंचविशीच्या आत असते, इन्सुलिन नुसतं सावलीच्या डब्यात राहतं. पेटीतल्या वायरी खालच्या बाजूनं बाहेर काढून मधे एक झोळ दिला, थेंब तिथून गळून जातो. एक्सटी-६० च्या पितळेवर हिरवट डाग दिसायला लागलेत. सांध्यांना व्हॅसलीनचा हात.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम होत नाही. जागा ठरवताना हे आधी बघायचं.

शिल्लक काम: दुसरी बॅटरी जोडायची तर दोन्ही पूर्ण चार्ज करून, व्होल्टेज जुळवून मगच पॅरलल, प्रत्येकीला वेगळा फ्यूज. जादा फ्यूज १५, १० आणि ५ चे प्रत्येकी चार, झाकणाच्या आत चिकटवून. एका कागदावर काकांच्या मशीनचा दाब, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, प्लास्टिकमध्ये. यूएसबीच्या फाट्याच्या त्या स्क्रूला स्प्रिंग वॉशर.